चुलीवरची बरबटी

जयवंताने चिंचेचा कोळ मुठीत पिळून चुलीवरच्या गंजात सोडला तेव्हा बरबटीला जेमतेम उकळी फुटली होती. चवळीचा दाणा अजून दगड होता. कोळ पडताच वर आलेला फेस खाली बसला. तिने उरलेला चोथा चुलीत फेकला, हात पदराला पुसला आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने झाकण ठेवलं.

कडधान्य शिजल्यावरच चिंच घालायची, हे आंजी गावातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. आधी आंबट पडलं की दाणा आखडून बसतो. मग चुलीत अख्खी बाभूळ घाला, तो मऊ येत नाही. नवी नवरी असताना जयवंताच्या हातून हे एकदा झालं होतं, आणि सासूने ते मरेपर्यंत आल्यागेल्याला ऐकवलं होतं. तेव्हा तिला कळत नव्हतं. आज कळून केलं.

बाहेरच्या खोलीत पाहुणे बसले होते. जावई आदेश, त्याची आई आनंदाबाई आणि आदेशचे मोठे मामा पुंडलिकराव. पुंडलिकराव मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत. समाजात कुणाचं मोडलेलं जुळवायचं असलं की सरांना गाडीत बसवून न्यायचं, अशी रीतच पडली होती. मोडलेलं जुळवणं म्हणजे काय, तर निघून आलेली बाई परत पोचवणं. सरांनी आजवर बरीच घरं जुळवली होती. त्या घरांतल्या बाया पुढे कशा राहिल्या हे पाहायला मात्र ते कधी परत गेले नव्हते.

सकाळी निघतानाच सरांचा फोन आला होता. जास्त काही करू नका, भाकर आणि बरबटीचा रस्सा, बस. पण रस्सा चुलीवरचा पाहिजे, आजकाल चुलीवरचं खायला मिळतं कुठे. जयवंताचा नवरा रूपराव फोनवर हो जी, हो जी करत राहिला आणि फोन ठेवून तिला म्हणाला, भिजत घालायला वेळ नाही, तशीच टाक. घरात गॅस होता, कुकर होता. चुलीवरच्या हौसेपायी दोन्ही आपोआप बाद झाले. मागच्या अंगणात चूल पेटली, डब्यातली मागच्या सालची बरबटी निघाली. तोवर जयवंताच्या मनात काही नव्हतं. मग दारात गाडी थांबली. गाडीतले आवाज ओळखून काजल, तिची लेक, न्हाणीत गेली आणि तिने आतून कडी लावली. जयवंताने दारावर थाप मारली. आतून फक्त नळ सोडल्याचा आवाज आला. पाण्याचा आवाज कशासाठी करतात बाया, हे जयवंताला कुणी समजावून सांगायला नको होतं. ती तशीच वळली आणि फळीवरची चिंचेची बरणी खाली काढली.

काजल महालक्ष्म्यांना म्हणून माहेरी आली होती. बसमधून उतरली ती डाव्या कानात कापूस घालून. डॉक्टरने पडदा फाटला म्हणून सांगितलं. आदेशने मारलं होतं. पण हे वाक्य या घरात अजून कुणी असं सरळ उच्चारलं नव्हतं. आनंदाबाई म्हणत, बाथरूममध्ये पाय घसरला. पाय घसरला की कानाचा पडदा फाटतो, हा शोध बोरगाव मेघेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत लागला होता. सर म्हणत, हात उठला असेल. जसा काही हात आदेशचा नव्हताच. खांद्याला कुणीतरी आणून लावला होता आणि तो आपल्या मर्जीने उठला. रूपराव कानाबद्दल काहीच बोलत नसे. तो म्हणे, गोपालचं जमवायचं आहे. गोपाल म्हणजे काजलचा भाऊ, पुण्याला कंपनीत होता, आणि या आठवड्यात त्याच्यासाठी आलेल्या दोन्ही घरांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, बहीण इकडेच असते का.

डाव्या बाजूने हाक मारली तर आता काजलला ऐकू येत नव्हती. कुणी बोलू लागलं की ती मान वळवून उजवा कान पुढे करायची. ती मान वळताना पाहिली की जयवंताचा घास हातातच राहायचा.

काजलला विचारलंच नाही असं मात्र नव्हे. आदल्या दिवशी सरांनी फोनवर विचारलं होतं, नांदायचं आहे ना तुला? काजल गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे हो, असं ठरलं. फोन ठेवताना सर म्हणाले, पोरगी समजदार आहे.

जयवंताचा बेत साधा होता. माहेरातून लेक निघते ती जेवून. उपाशी लेक उंबऱ्याबाहेर काढली तर बापाच्या घराला लागतं, हे सर मानत, आनंदाबाई मानत, आणि रूपराव तर फारच मानत असे. पाहुण्यांच्या आधी लेकीने जेवायचं नाही. दिवेलागण झाल्यावर लेक धाडायची नाही. आणि उद्यापासून पित्तर लागत होते. त्या पंधरवड्यात कुणी लेक धाडत नाही, कुणी सून नेत नाही. बरबटी संध्याकाळपर्यंत शिजली नाही, तर काजल पंधरवडाभर आंजीत. पंधरवड्यात काय होणार होतं? जयवंताला ठाऊक नव्हतं. चार माणसांत तोंड उघडून नाही म्हणायचं असतं, हे तिला जन्मात कुणी शिकवलं नव्हतं. तिला चूल येत होती. तिने चुलीशी जे करता येतं ते केलं.

दुपार कलली. दोनदा चहा झाला. रूपराव येऊन विचारून गेला, झालं का. जुनी आहे, वेळ लागेल, असं तिने सांगितलं. तो परत आला, उभा राहिला, गेला. काजल न्हाणीतून बाहेर आली होती, डोळे धुतलेले. तिने न सांगता पीठ काढलं आणि आत गॅसवर भाकरी करू लागली. बाहेरच्या खोलीतून सरांचा आवाज आला.

"इहीणबाई, बरबटी शिजवून राह्यल्या का पेरून राह्यल्या?"

सगळे हसले. रूपराव सगळ्यांत मोठ्याने हसला. जयवंताने चुलीतलं एक लाकूड हळूच मागे ओढलं.

आनंदाबाई गुडघ्यावर हात टेकत मागच्या अंगणात आल्या तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. त्यांनी काही न विचारता झाकण काढलं, पळीत दोन दाणे घेतले आणि बोटांत दाबले. दाणा दबला नाही, निसटून राखेत पडला. मग त्यांनी पळी जिभेला लावली. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या बाईला तेवढं पुरे होतं.

"चिंच आधी टाकली तुमी."

"चुकून पडली," जयवंता म्हणाली.

"चुकून."

आनंदाबाईंनी झाकण जागेवर ठेवलं आणि पाट ओढून बसल्या. जयवंताला वाटलं, ही आता ओरडेल, माणसांना बोलावेल. तिने पदर खोचून घेतला. पण आनंदाबाई हलक्या आवाजात बोलल्या. बाजारात दोन बाया भाजीच्या भावावर बोलतात तशा.

"हे पाहा, ही इकडं आली तवापासून सायपाक मी करून राह्यली. पाणी मीच भरतो. माह्या गुडघ्यानं आता होत नाई. तुमची पोरगी आज आली पाहिजे. वाढा तशीच."

"कच्ची हाये."

"आमची माणसं काई म्हणत नाई. कच्ची खातीन, पण घेऊन जातीन." त्यांनी गुडघा चोळला. जरा वेळ चुलीतल्या निखाऱ्याकडे पाहिलं. "माह्या मायनंबी मले धाडलंच होतं. मी मेली का?"

जयवंताने त्यांच्याकडे पाहिलं. उत्तर तिच्या तोंडाशी आलं होतं. ते तिने गिळलं, कारण ते खरं होतं, आणि समोरच्या बाईला ते तिच्याहून आधी माहीत होतं.

तिने सगळा विचार केला होता. चूल, ऊन, रीत, पित्तर. कच्चं ताट समोर आल्यावर माणूस चिडेल, उठेल, नावं ठेवेल, बायकोला शिव्या देईल, हेही तिने धरलं होतं. पण घरी एक फुकटची कामकरीण न्यायची असली की माणसं दगडसुद्धा चावून खातात, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने मुकाट्याने तेल तापवलं, कांदा-लसणाचं वाटण आणि काळा मसाला परतला, फोडणी गंजात ओतली. तर्री वर आली. वास अंगणभर सुटला. दिसायला रस्सा असा झाला की कुणी फोटो काढावा. सरांनी काढलाही.

पंगत बसली. सर, आदेश आणि रूपराव. ताटात भाकर, कांदा, ठेचा, भात आणि वाटीत रस्सा. सरांनी भाकर कुस्करली, वर रस्सा ओतला आणि पहिला घास घेतला. त्यांच्या कवळीखाली दाणा वाजला. खोलीतल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला. सर थांबले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. आनंदाबाईंनी डोळे जरासे मिटून उघडले. सरांनी पाण्याचा घोट घेऊन दाणा तसाच खाली लोटला.

"वा," ते म्हणाले. "चुलीवरची ते चुलीवरचीच."

आदेश मोबाइलवरची नजर न काढता चावत होता. कटकट आवाज येत होता. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याने आणखी रस्सा मागितला.

रूपरावने दाणा दाताखाली घेतला आणि त्याचा जबडा थांबला. इतक्या वर्षांत या बाईच्या हातचं कच्चं त्याने कधी खाल्लं नव्हतं. तापात फणफणलेली असताना तिने रांधलेलंही नाही. त्याने मान वर केली. जयवंता पळी हातात धरून समोरच उभी होती, आणि ती नजर चुकवत नव्हती. त्याला कळलं. त्याला कळल्याचं तिला दिसलं. कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटत जातात तसं ते त्याच्या चेहऱ्यावर उमटलं. आता हा वाटी बाजूला करील, असं तिला वाटलं. एवढं तरी करील.

त्याने खाली मान घातली आणि पुढचा घास घेतला.

तिने पुढे होऊन त्याच्या वाटीत पुन्हा वाढलं. पळी तळाशी नेऊन, दाणेच दाणे. त्याने तेही खाल्लं. एकेक दाणा फोडून खाल्ला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ठेचा फार तिखट झाला आहे असं तो कुणालाही न सांगता बोलला.

हात धुऊन सरांनी घड्याळ पाहिलं. ऊन अजून होतं. आता पोरीचं ताट करा, ते म्हणाले, म्हणजे वेळेत निघू. काजल पाटावर येऊन बसली. जयवंताने वाढलं. वाढताना रस्सा भाकरीवर सांडला. सगळे आजूबाजूला उभे होते. जेवणाऱ्या माणसाभोवती असं कुणी उभं राहत नाही. पण आज ती जेवत नव्हती, तिचं जेवण उरकायचं होतं.

काजलने भाकर मोडली नाही. तिने वाटीतला एक दाणा दोन बोटांनी उचलला, तोंडात घातला आणि चावला. मग तो काढून ताटाच्या कडेला ठेवला.

"हे शिजलं नाई."

कान गेल्यापासून आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला नीट कळत नसे. तिला हळूच म्हणायचं असेल. शब्द ओसरीपर्यंत गेले.

सर समजुतीचं हसले. "आमी खाल्ली ना बाई. जराशी कडक हाये. चालते."

"तुमी खाल्ली," काजल म्हणाली. "मी कच्चं नाई खात. शिजलं का जेवतो."

आदेश डाव्या बाजूने काहीतरी पुटपुटला. नाटकं, असा एक शब्द त्यात होता. तिने मान वळवली नाही. ऐकू आलं नाही की ऐकलं नाही, ते तिचं तिलाच माहीत. ती हात ताटाच्या वर धरून बसून राहिली. भाकरी-ठेचा खाऊन घे म्हणून सरांनी सांगून पाहिलं. भात खा म्हणाले. ती काहीच बोलली नाही. आणि या वेळी तिच्या गप्प राहण्याला कुणालाही हो म्हणता येईना.

"ते शिजतच नाई बाई," शेवटी आनंदाबाई बोलल्या. "तुह्या मायनं आधीच चिंच टाकून ठेवली. मुद्दाम."

मागे चुलीवर रस्सा खदखदत होता तेवढाच आवाज. सरांनी रूपरावकडे पाहिलं. रूपरावने बायकोकडे पाहिलं, आणि त्याला आधीच माहीत असलेली गोष्ट त्याने तिला विचारली.

"जयवंता, खरं हाये का?"

चुकून पडली, हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. सकाळपासून तयार होते. तिने काजलच्या ताटाकडे पाहिलं. कडेला तो दाणा पडला होता, त्याच्यावर दाताची खूण.

"हो," ती म्हणाली. "पोरीले धाडाचं नाई मले. म्हणून टाकली." तिने हातातली पळी खाली ठेवली. "आदेशनं मारून कान फोडला तिचा."

बोलून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. एवढंसं तर वाक्य होतं.

आदेश उठून उभा राहिला. सरांनी त्याला हाताने खाली बसवलं, त्यांना असल्या प्रसंगांची सवय होती. बाईमाणसाच्या तोंडी लागायचं नसतं. ते सरळ रूपरावकडे वळले.

"रूपरावजी, घर तुमचं हाये. गोपालचंबी पाहाचं हाये तुमाले. काय ते तुमी सांगा."

रूपराव उठला, चपला पायात सरकवल्या आणि पुढच्या दाराने बाहेर गेला. जयवंताने डोळे मिटले. तिला हे पाठ होतं. घरात काही ठरवायची वेळ आली की हा माणूस चपला घालून बाहेर जातो, पानटपरीवर जाऊन उभा राहतो, आणि परत येतो तेव्हा दुसऱ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. सरांनाही ते उमगलं असावं. त्यांनी आदेशला डोळ्याने खूण केली, आणि आदेश काजलची पिशवी कुठे आहे ते पाहायला आतल्या खोलीकडे निघाला.

तो दारापर्यंत पोचला नसेल, तेवढ्यात रूपराव परत आला. त्याच्या दोन्ही हातांत लाकडं होती, पुढच्या पत्र्याखाली रचलेली, छातीपासून हनुवटीपर्यंत. त्याला समोरचं दिसत नव्हतं. तो तसाच पाहुण्यांमधून आला. एक फांदी आदेशच्या छातीला लागली, तेव्हा आदेशला भिंतीकडे सरकावं लागलं. सालीचे तुकडे आणि ओली माती सरांच्या पांढऱ्या पँटवर पडली. त्यांनी पाय आखडून घेतले. रूपराव थांबला नाही. खोली ओलांडून, काजलच्या ताटाला वळसा घालून तो मागच्या अंगणात गेला आणि चुलीपुढे उकिडवा बसला.

जयवंता त्याच्या मागोमाग आली. नवरा चुलीपुढे बसलेला तिने कधी पाहिला नव्हता. त्याला लाकूड कसं घालतात तेही येत नव्हतं. आडवं-उभं, जसं हाताला लागेल तसं तो आत कोंबत होता. निखारा दबला. चुलीतून पांढरा धूर उठला आणि वाऱ्याबरोबर घरात शिरला. आत सर खोकू लागले. मग आनंदाबाई खोकल्या. कुणीतरी पुढचं दार पूर्ण उघडलं.

"ओलं हाये ते," जयवंता म्हणाली. "याच्यानं तर लयच वेळ लागन."

रूपरावने आणखी एक लाकूड आत सारलं.

"लागू दे."